हवेतून की जमिनीवरून?

कुणी गावाला निघालं की चारचौघं काय विचारतात? कशाला चाललात, कधी येणार, उतरणार कुणाकडे. जरा मोकळं नातं असेल तर येताना काय आणाल. पण प्रत्येक गोतावळ्यात एक गृहस्थ असा असतो, की ज्याला यातल्या कशातही रस नसतो. तुम्ही लग्नाला चाललात की कोर्टाच्या तारखेला, याच्याशी त्याला कर्तव्य नाही. तो विचारतो, "किती किलोमीटर?" आणि तुम्ही तोंड उघडायच्या आत उत्तरही तोच देऊन मोकळा होतो.

आमच्या उलव्याच्या सोसायटीत हा मान काकांचा. चेअरमन बदलले, सेक्रेटरी राजीनामा देऊन परत आले, लिफ्टचा कंत्राटदार पळून गेला. काका जागच्या जागी. पोरं त्यांना पाठीमागे 'एटीसी', म्हणजे एअर ट्रॅफिक कंट्रोल, म्हणतात आणि काकांना ते ठाऊक आहे. गणपतीत एकदा माइकवरून कुणाच्या तरी तोंडून 'आता एटीसी काकांनी आरतीला यावं' असं निसटलं. काका चिडले नाहीत. आरती शांतपणे केली, मग माइक हातात घेतला आणि टॉवरचं काम कुठे संपतं नि ॲप्रोचचं कुठे सुरू होतं हे समजावून सांगितलं. प्रसादाची रांग तोवर उभी.

वास्तविक काकांच्या नोकरीचा विमानाशी काडीचा संबंध नव्हता. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून उमेदवारी केली आणि पनवेल आगारातून निवृत्त झाले. फलाटाच्या टोकाची ती जाळीची खिडकी, तिच्यामागे बसून गाड्या पुकारायच्या, चालक-वाहकांच्या कागदांवर वेळा टाकायच्या, आणि 'साहेब, महाडची गेली का हो?' असं विचारणाऱ्या म्हातारीला ती गेली नाही, यायचीच आहे, हे दर पाच मिनिटांनी न वैतागता सांगायचं. पनवेलचा स्टँड म्हणजे कोकणात उतरणाऱ्या आणि घाट चढून देशावर जाणाऱ्या गाड्यांचा नाका. कुठलं गाव किती किलोमीटर आणि कुठल्या गाडीला किती तास, हे काकांच्या अंगात मुरलेलं. निवृत्तीनंतर हे ज्ञान जाणार कुठे? ते वर गेलं.

दोन्हींचं नातं मात्र ते आधीपासून सांगतात. एसटीची पहिली गाडी पुण्याहून नगरला सुटली ती १ जून १९४८ रोजी. एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान, 'मलबार प्रिन्सेस', मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं ते ८ जून १९४८ रोजी. "म्हणजे एसटी थोरली," काका म्हणतात, "सात दिवसांनी का होईना, पण थोरली." थोरलीच्या घरचा माणूस धाकटीचा हिशोब ठेवतो, यात गैर ते काय, असा त्यांचा एकंदर सूर असतो.

त्यांच्याशी बोलताना वेळ सांगायची म्हणजे उलटतपासणीला उभं राहायचं. तुम्ही सहज म्हणालात, "दिल्लीला दोन तास लागतात," की पहिला प्रश्न येतो, "कागदावर की घड्याळात?" त्यातून निभावलात तर, "दार ते दार की चाक ते चाक?" मग तेच सांगतात, की तिकिटावरची वेळ ही विमानाने दार लावून जागा सोडली तिथपासून ते पलीकडे जागेवर लागेपर्यंतची असते. चाक सुटलं, चाक टेकलं, ही खरी हवेतली वेळ; ती कमी असते आणि ती कुणी सांगत नाही. अंतराचं काही बोललात तर, "हवेतून की जमिनीवरून?" हा प्रश्न इतका ठरलेला आहे, की दुसऱ्या मजल्यावरच्या लहान मुलीला आईने "शाळा किती लांब आहे गं तुझी?" असं पाहुण्यांसमोर विचारलं, तर ती म्हणाली, "हवेतून की जमिनीवरून?"

काकांची साधनं तीन. पहिलं कालनिर्णय. स्वयंपाकघराच्या दाराआडच्या त्या पानावर संकष्टीच्या चौकटीत काकूंच्या अक्षरात 'दूध १ लि. जास्त' असतं आणि त्याखाली काकांच्या बारीक, सरकारी अक्षरात 'सिं–जका. ८.००/८.५०'. गॅस सिलिंडर लावल्याची तारीख आणि मुलीचं विमान उतरल्याची वेळ शेजारी शेजारी नांदतात. दुसरं साधन म्हणजे हातातला मोबाइल, त्यात विमानांचा माग दाखवणारं ॲप. आणि तिसरं, ज्यावर त्यांचा खरा जीव आहे, तो मुलीच्या शाळेच्या दिवसांतला पृथ्वीचा गोल.

हा गोल तीस सेंटीमीटर व्यासाचा आहे, अक्षावर ढिला झालाय, आणि त्यावर सोव्हिएत संघ अजून अखंड आहे. त्याचं काकांना काही नाही. "देश फुटले म्हणून अंतर बदलत नाही." काकूंच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा धागा घ्यायचा, एक टोक मुंबईवर अंगठ्याने दाबायचं, दुसरं सिंगापूरवर न्यायचं आणि ताणायचं. ताणलेला धागा आपोआप सरकतो आणि सर्वांत जवळच्या वाटेवर जाऊन बसतो. मग तो फुटपट्टीवर धरायचा. या गोलावर एक सेंटीमीटर म्हणजे सुमारे ४२५ किलोमीटर. मुंबई-सिंगापूर नऊ सेंटीमीटर आणि वर दोन रेघा, म्हणजे ३,९००. हीच कृती ते सान फ्रान्सिस्कोसाठी करतात तेव्हा धागा सरळ पूर्वेला वा पश्चिमेला न जाता वर उत्तरेकडे चढतो आणि बघणारे चाट पडतात. अमेरिकेचं विमान वाकडं का जातं, हा प्रश्न आमच्या सोसायटीत आता कुणाला पडत नाही. सगळ्यांनी धागा धरलेला आहे. काकू तेवढ्या म्हणतात, "माझा चाळीस नंबरचा दोरा त्या बर्फात नेऊन घाण केलात."

ॲप तर मोबाइलवर असतं, मग धागा कशाला? एकदा मी विचारलं. काका म्हणाले, "ॲप सांगतं. धाग्याने कळतं."

आणि मग दारातच विमानतळ आला. १९९७ पासून येणार येणार म्हणत होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये पायाभरणी झाली, उलव्याची टेकडी फोडून सपाट केली, नदीला वळसा घ्यायला लावला, दहा गावं उठली. कोंबडभुजे, तरघर, कोल्ही, चिंचपाडा, ओवळे ही नावं काका अजून फलाटावर थांबे पुकारावेत तशी एका दमात म्हणतात, आणि म्हणून झालं की थोडा वेळ दुसरं काही बोलत नाहीत. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं आणि २५ डिसेंबरला प्रवासी विमानं सुरू झाली. त्या दिवशी काका पहाटे थर्मास घेऊन गच्चीवर. सोसायटीतले निम्मे लोक वर. पहिलं विमान बंगळुरूहून आलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या, मुलं ओरडली, चेअरमननी व्हिडिओ काढला. काकांनी घड्याळात पाहिलं आणि म्हणाले, "आठशे दहा." कुणी तरी विचारलं, "काय आठशे दहा?" काका म्हणाले, "किलोमीटर. हवेतून."

तरी काकांचं खरं प्रेम इथल्या विमानांवर नाही. ते आग्नेय आशियावर आहे. कारण मुलगी सिंगापूरला नोकरीला आहे आणि तिचं ऑफिस तिला आज क्वालालंपूर, उद्या बँकॉक, परवा जाकार्ता असं पिटाळत असतं. अमेरिकेत मुलं असलेल्यांची काकांना दया येते. "पंधरा-सोळा तास. त्यात हिशोब काय करायचा? माणूस झोपतो, उठतो, परत झोपतो. तिकडचं मात्र सगळं आपल्या मापाचं आहे." आणि हे माप खरोखरच बसतं. काकांच्या वहीत 'जोड्या लावा' असं शीर्षक देऊन पानं भरलेली आहेत. सिंगापूरहून क्वालालंपूर २९७ किलोमीटर; आपल्या नव्या विमानतळावरून कोल्हापूर हवेतून २९०. सिंगापूर ते बाली आणि मुंबई ते कोलकाता, दोन्ही १,६७० च्या आसपास, दोन्हींना पावणेतीन तासांच्या आत-बाहेर. क्वालालंपूर-बँकॉक १,२१५, म्हणजे मुंबई-दिल्लीहून थोडं जास्त. सिंगापूर-बँकॉक १,४१०, त्याला मात्र जोडी सापडत नाही. त्या ओळीपुढे काकांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय आणि ते त्यांना सलतं.

परिणाम असा की मुलगी कुठे आहे हे काकू कधीच शहराच्या नावाने सांगत नाहीत. "ती आज कोल्हापूरला गेलीय," त्या भाजीवालीला सांगतात. भाजीवालीला वाटतं, महालक्ष्मीला.

हे २९७ किलोमीटर काकांचं सर्वांत जुनं दुखणं आहे. मला त्याचा पूर्ण पाठ लिफ्टमध्ये मिळाला. मी तळमजल्यावरून निघालेलो, ते पहिल्या मजल्यावर चढले.

"जेट किती वेगाने जातं?"

"आठशे?"

"साडेआठशे धर. दोनशे सत्त्याण्णव भागिले साडेआठशे?"

मी गप्प.

"एकवीस मिनिटं. मग वेळापत्रकात सव्वा तास का?"

माझा मजला आला. काकांनी दार पायाने अडवून धरलं. तर त्याचं असं आहे: सिंगापूरच्या चांगी विमानतळावर दार लागल्यावर विमान धावपट्टीपर्यंत चालत जाणार, त्यात दहा-पंधरा मिनिटं. पुढे रांग. उडाल्यावर दहा हजार फुटांच्या खाली अडीचशे नॉटच्या वर जायचं नाही, म्हणजे ताशी ४६०. वर चढून होतंय न होतंय तोच उतरायला लागायचं. सपाटीवर धावायला मिळतंच किती? हवाई सुंदरी फळांच्या रसाचे डबे वाटता वाटताच रिकामे डबे गोळा करायला लागते. खाली क्वालालंपूरला पुन्हा रांग, पुन्हा चालणं. शिवाय वेळापत्रक लिहिणारा माणूस शहाणा असेल तर थोडी वेळ पदरची घालतो, म्हणजे उशीर झाला तरी गाडी वेळेवर. "आम्ही खंबाटकीला घालायचो," काका म्हणाले. लिफ्टचा अलार्म वाजायला लागला होता. "म्हणून जवळचा प्रवास नेहमी महाग पडतो. पैशाने नाही रे, मिनिटाने."

आणि तरीही हा मार्ग जगातल्या सर्वांत गजबजलेल्या आंतरराष्ट्रीय हवाई मार्गांपैकी एक आहे, याचं त्यांना कौतुक. त्याचा इतिहासही त्यांनी खणून काढलाय. मलायन एअरवेजची सिंगापूर, क्वालालंपूर, इपोह, पेनांग अशी नियमित फेरी १ मे १९४७ ला सुरू झाली, एअरस्पीड कॉन्सुल नावाच्या दोन इंजिनांच्या विमानाने. "एसटीच्या तेरा महिने आधी," हे ते जरा नाराजीनेच कबूल करतात. पुढे दोन देश वेगळे झाले तरी विमान कंपनी एकत्र चालली, आणि १९७२ मध्ये तिचीही वाटणी झाली. एकीकडे सिंगापूर एअरलाइन्स, एकीकडे मलेशियन. घरं वेगळी झाली तरी भावांचं येणं-जाणं थांबलं नाही, असं काका म्हणतात तेव्हा ते विमानांबद्दल बोलतायत की त्यांच्या आणि माणगावच्या थोरल्या भावाबद्दल, ते कळत नाही.

जाकार्ताचा किस्सा काकू सांगतात. मुलगी पहिल्यांदा तिकडे निघाली तेव्हा तिने कळवलं, आठ वाजता विमान, आठ पन्नासला पोचते. काकू निर्धास्त. "अगंबाई, पन्नास मिनिटं, म्हणजे आपलं उलवे ते ठाणे!" काकांनी टीव्ही बंद केला, गोल आणला. सिंगापूर-जाकार्ता ८८० किलोमीटर, वेळ पावणेदोन तासांच्या वर, पण जाकार्ताचं घड्याळ एक तास मागे. येताना संध्याकाळी सहाला निघालेली पोरगी नऊला दहा कमी असताना पोचणार. काकूंना ते पटलं, पण त्यांनी एक शंका काढली. "सिंगापूर जाकार्ताच्या पश्चिमेला ना? मग सूर्य आधी कुणाकडे?" काका दोन मिनिटं गोलाकडे बघत राहिले. सिंगापूर खरंच पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य तिथे उशिरा, आणि घड्याळ मात्र पुढे. दोन दिवस खपून त्यांनी शोध लावला, की १ जानेवारी १९८२ ला मलेशियाने आपल्या दोन्ही भागांचं घड्याळ एक करायचं ठरवलं, पश्चिमेकडची घड्याळं अर्धा तास पुढे झाली आणि सिंगापूरनेही शेजाऱ्याच्या पावलावर पाऊल टाकलं. म्हणून तिथे सकाळी सातला उजाडतं. हे सगळं काकूंच्या एका प्रश्नातून निघालं, पण सोसायटीत सांगताना काका 'मला एक शंका आली' अशी सुरुवात करतात. काकू आतून कढईवर झारा आपटतात.

वारा हे वेगळं प्रकरण. बँकॉकहून मुंबईला येताना जाण्यापेक्षा जास्त वेळ का लागतो, हे तुम्ही काकांना विचारू नका, ते सांगतीलच. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचा वारा जोरदार असतो, तो जाताना ढकलतो आणि येताना छातीवर घ्यावा लागतो. विषुववृत्तापाशी तो पडलेला, त्यामुळे सिंगापूर-क्वालालंपूरला जाणं आणि येणं सारखंच. हे ऐकल्यावर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी म्हणाल्या, "म्हणजे माहेरी जाताना वारा पाठीमागून आणि सासरी येताना समोरून." काकांनी हे वहीत लिहून घेतलं. वही बघितली तर त्या पानावर आजींचं नाव नाही.

माणूस इतका जाणकार, मग लोक सल्ला घेणारच. गेल्या वर्षी महिला मंडळाची सिंगापूर-मलेशिया-थायलंड सहल ठरली. सिंगापूरहून क्वालालंपूरला बसने जायचं की वरचे पैसे भरून विमानाने, यावर लॉबीत दोन तट पडले आणि कज्जा काकांपुढे आला. काकांनी एक आठवडा मागून घेतला. मग आखीव कागद. बस: सुमारे ३५० किलोमीटर, १९२४ च्या जुन्या कॉजवेवरून खाडी ओलांडायची, दोन्ही काठांना उतरून पासपोर्टची तपासणी, एकूण साडेपाच ते सहा तास. विमान: हॉटेल ते चांगी, दोन तास आधी हजेरी, उड्डाण, शिक्का, सामानाचा पट्टा, आणि क्वालालंपूरचा विमानतळ शहरापासून ५७ किलोमीटर लांब, तिथून रेल्वेने २८ मिनिटं. बेरीज पुन्हा साडेपाच. बायका कागदाकडे बघत राहिल्या.

"मग जायचं कशाने?"

"ते मी कसं सांगू?" काका म्हणाले. "कंट्रोलर वेळ सांगतो. कुठल्या गाडीत बसायचं ते पॅसेंजरने ठरवायचं."

सहल बसने गेली. परत आल्यावर फोटो दाखवायला मंडळी आली, पेट्रोनास मनोऱ्यांखाली नऊवारीत काढलेले फोटो. काकांनी एक नजर टाकून विचारलं, "कॉजवेवर किती वेळ गेला?" कुणालाच आठवेना. ते असे हताश झाले, की चहा न घेता उठले.

अशा माणसाचा राग यायला हवा, आणि येतोही. पण मागच्या मे महिन्यात समोरच्या विंगमध्ये लग्न होतं. मुलगा सिंगापूरचा. पाठवणीच्या वेळी मुलीची आई सावरेना. सगळ्यांनी नेहमीची वाक्यं म्हणून पाहिली, त्यांनी रडं वाढलं. काका पुढे झाले. काकूंनी त्यांच्या सदऱ्याची बाही धरली, ती त्यांनी सोडवली.

"वहिनी, तीन हजार नऊशे किलोमीटर. साडेपाच तास. तुम्ही लग्न होऊन सावंतवाडीहून मुंबईला आलात तेव्हा किती लागले होते?"

सगळे सटपटले. आता ही बाई काय करते? त्यांनी डोळ्याला पदर लावलेला तसाच ठेवून उत्तर दिलं, "सोळा. कशेडीत गाडी बंद पडली होती."

"कुठली गाडी? रातराणी?"

"हो. आणि ह्यांना गाडी लागत होती."

मग कशेडी घाटात रात्री नव्या नवरीने नवरदेवाला लिंबू कसं हुंगायला दिलं, ती हकिकत सुरू झाली. शेजारच्या बाईला गगनबावड्याची गाडी आठवली, तिसरीला आंबेनळीची. मुलगी पाया पडून, मोटारीत बसून हसत हात हलवत होती. काका बाजूला उभे राहून बोटांवर काही मोजत होते. सावंतवाडीची ती गाडी किती वाजता पनवेलला आली असेल, त्या रात्री ड्यूटीवर कोण होतं, असं काहीतरी.

काका स्वतः परदेशी गेले ते एकदाच, मुलीकडे. नवा विमानतळ तेव्हा व्हायचा होता. साडेपाच तास त्यांनी समोरच्या पडद्यावरचा नकाशा सोडून काही पाहिलं नाही. काकूंनी दोन सिनेमे पाहिले आणि बंगालच्या उपसागरावरचा सूर्योदयही. विमान चांगीला वीस मिनिटं आधी पोचलं. आजूबाजूचे खूश, काकांचा चेहरा पडला. वेळेआधी गाडी आणणं एसटीत शिस्तीत बसत नाही; न्यायला येणारा माणूस अजून घरून निघालेला नसतो. आणि तसंच झालं. मुलगी धावतपळत आली तेव्हा बाप पट्ट्यापाशी घड्याळ दाखवत उभा. "तुझी चूक नाही. त्यांनी पदरची वेळ जास्त घातली होती."

तिथून क्वालालंपूर. मुलगी म्हणाली, बाबा, बसने जाऊ, रस्ता सुंदर आहे, दोन्ही बाजूंना पाम तेलाची झाडं. काका ऐकेनात. आयुष्यभर कागदावर पाहिलेले २९७ किलोमीटर त्यांना अंगाखालून जायला हवे होते. मनगटावर एचएमटी, मांडीवर वही. दार लागलं, टाकली वेळ. चाक सुटलं, टाकली. पट्ट्याचा दिवा विझला, टाकली. रसाचा डबा आला, तीही टाकली. शेजारच्या चिनी म्हाताऱ्याला वाटलं हे कुणी तपासनीस आहेत, त्याने आपली खुर्ची गुपचूप सरळ केली. चाक सुटल्यापासून टेकेपर्यंत त्रेचाळीस मिनिटं. काकांनी वही मिटली आणि पहिल्यांदा खिडकीबाहेर पाहिलं. विमान तोवर जमिनीवर चालत होतं. पाम तेलाची झाडं दिसली मात्र.

हल्ली त्यांच्यापुढे नवंच त्रांगडं उभं आहे: एका मुंबईला दोन विमानतळ. बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत आणि मुलगी तिथे एकदा भलत्याच ठिकाणी उतरलेल्या पाहुण्याची वाट बघत बसली होती, हे काका आम्हाला आधीपासून बजावत होते. परवा काकूंचे नागपूरचे भाऊ आले. तिकीट काढताना त्यांनी नुसतं मुंबई पाहिलं आणि उतरले जुन्या विमानतळावर. नागपूर-मुंबई ६८० किलोमीटर, दीड तास, काकांनी चाकाचं टेकणं ॲपवर पाहून टाळी वाजवली. मग फोन आला.

"भाऊजी, टॅक्सीत बसलो. तुमच्याकडे यायला किती वेळ लागेल जी?"

काका उठून गॅलरीत गेले. गॅलरीतून आत आले. गोलाकडे पाहिलं, गोलावर पार्ले आणि उलवे एकाच ठिपक्यात आहेत.

"हवेतून एकवीस किलोमीटर आहे," ते म्हणाले.

"आणि जमिनीवरून?"

"आज शुक्रवार ना?" काकांनी विचारलं. पलीकडून हो आलं. "मग ड्रायव्हरला विचार."

काकूंनी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "दादा, वाशीचा पूल उतरलास की मिस्ड कॉल दे. मी कुकर लावते."